बशीतला गहू

ट्राम चौकातून हलली आणि सिनिशाच्या कोटाच्या खिशात फोन थरथरला. त्याच्या मांडीवर कागदी पिशवीत मेंढी होती. म्हणजे मेंढीचं साहित्य होतं: पांढरं कुरळं कापड, काळे मोजे आणि कानांसाठी जाड लोकरी कापडाचा तुकडा. धाकट्या वितोला, वय वर्षं चार, बालवाडीच्या नाटकात मेंढी व्हायचं होतं, आणि तिथल्या बाईंनी बजावलं होतं की मेंढी शुभ्रच हवी, गेल्या वर्षी एका घरातून राखाडी मेंढी आली आणि सगळा फोटो बिघडला. डिसेंबर लागला की आपण बाप आहोत की शाळेचे पुरवठादार, हेच सिनिशाला कळेनासं व्हायचं. आधी संत निकोलाच्या दिवसासाठी, रात्रीत खाऊ मिळावा म्हणून खिडकीत ठेवायचे चकचकीत बूट, मग शाळेच्या जत्रेला मधाची बिस्किटं, तीही घरचीच, विकतची चालणार नाहीत, मग पुठ्ठ्याच्या रिकाम्या नळ्या, मग देवदूताचे पंख, जे रात्रंदिवस खपून चिकटवल्यावर रद्द झाले आणि त्यांची मेंढी झाली. त्याने फोन काढला. थोरल्या मुलीच्या, तोन्काच्या, पहिलीच्या वर्गातल्या पालकांचा गट होता. वर्गशिक्षिका बिसेर्काबाईंनी लिहिलं होतं की उद्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, मुलांनी तेरा तारखेला, संत लुचियाच्या दिवशी, नाताळच्या टेबलासाठी बशीत पेरलेला आपापला गहू वर्गात आणावा, प्रत्येकजण पुढे येऊन आपल्या गव्हाबद्दल एक वाक्य सांगेल, आईबाबांनी जरूर यावं. खाली लगेच फोटो पडायला लागले. हिरवागार, ताठ, दाट गहू. कुणी त्याला लाल-पांढरी-निळी, झेंड्याच्या रंगांची फीत बांधली होती, कुणी कात्रीने कडा सारख्या केल्या होत्या, कुणी मधोमध मेणबत्तीसुद्धा खोचली होती. सिनिशाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, निळ्या कडेच्या बशीत, गढूळ पाणी होतं आणि त्यात फुगलेले फिकट दाणे होते. काहीही उगवलं नव्हतं.

पाठोपाठ आणखी एक निरोप आला, तो फक्त त्याच्यासाठी होता. तोन्काने नुसती बशी वर धरली तरी चालेल, बोलायची सक्ती नाही, बिसेर्काबाईंनी लिहिलं होतं. वाक्य मायेचंच होतं, तरी त्याने ते दोनदा वाचलं. सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हापासून तोन्काने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. घरी तिची टकळी बंद करायला सांगावं लागायचं. भावाशी भांडायची, अंघोळ करताना गाणी म्हणायची, जिन्यातल्या कुत्र्याला उपदेश करायची. शाळेच्या फाटकापाशी आली की मात्र तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटायचं. तिला ज्यांना दाखवलं त्या तज्ज्ञबाई म्हणाल्या होत्या, जबरदस्ती करू नका, तिला बोलावंसं वाटेल तेव्हा ती बोलेल. शाळा म्हणाली होती, ठीक आहे, पण नाताळच्या सुट्टीनंतर बैठक घेऊ, आणि तोवर काही फरक नसेल तर तिच्यासाठी दुसरी शाळा बघावी का ते ठरवू. ती दुसरी, खास मुलांसाठीची शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती. तिथले लोक चांगले आहेत, सगळे सांगत. सिनिशाला त्या चांगल्या लोकांचीच धास्ती वाटायची. तिकडे गेलेलं मूल परत आल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. आता त्याच्या डोळ्यांसमोर उद्याचा वर्ग उभा राहिला: सगळ्यांचा हिरवा गहू, सगळ्यांची वाक्यं, आणि मध्ये आपली मुलगी, मुकी, हातात गढूळ पाण्याची बशी. पुढच्या थांब्यावर तो उतरला आणि आला त्या वाटेने परत चालायला लागला.

हे सगळं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर त्याला मजेशीर वाटलं असतं. तो घरी बसून परदेशी मालिकांचे संवाद भाषांतरित करून पडद्यावर खाली अक्षरं लावायचा. दिवसभर लोकांची बडबड ऐकायची आणि ती दोन ओळींत बसवायची. माणूस कितीही रडो, ओरडो, प्रेमात पडो, दोन ओळींत मावेल तेवढंच ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. यात तो इतका मुरला होता की बायको बोलायला लागली तरी तो मनात कापाकापी करायचा, आणि मिरेलाला ते कळायचं. “माझं वाक्य पुरं होऊ दे,” ती म्हणायची, “मी मालिकेतली नाही.” आणि ज्याच्या घरात शब्दांचा असा खच पडलेला, त्याच्या मुलीला वर्गात एक वाक्य बाहेर काढता येऊ नये. सप्टेंबरपासून तो रोज तिला फाटकाशी सोडताना वाकून सांगायचा, आज एक तरी शब्द बोल हं, एकच. मग तज्ज्ञबाईंनी तेही बंद करायला सांगितलं. तेव्हापासून तो नुसता वाकायचा.

बाजार चौकाच्या वरच्या अंगाला होता, पायऱ्या चढून. लाल छत्र्या धुक्याने भिजून जड झाल्या होत्या आणि गावाकडून आलेल्या बाया आवराआवर करायच्या बेतात होत्या. एका बाईसमोर मातीच्या ताटल्यांत गहू उभा होता, एकसारखा, जणू एकाच आईची मुलं.

“मुलाच्या शाळेसाठी का?” तिने विचारलं.

“कसं ओळखलंत?”

“सकाळपासून बापच येताहेत. आयांनी पेरलेला उगवतो बहुतेक.” तिने हातमोज्याने नाक पुसलं. “फीत बांधून देऊ?”

“नको, साधाच द्या. आणि थोडा वाकडातिकडा असेल तो द्या.”

“अगं बाई! हा शहाणा दिसतो,” ती शेजारणीला म्हणाली, आणि दोघी खदखदून हसल्या. सिनिशाही हसला, पण कान तापले होते ते त्याला जाणवलं.

परतीच्या ट्राममध्ये एका मांडीवर मेंढी आणि दुसरीवर गहू घेऊन तो बसला. नदीवरच्या पुलावर नेहमीप्रमाणे काहीही दिसत नव्हतं, धुक्यात फक्त कठड्याचे दिवे एकेक करून येत आणि जात. गव्हाला ओल्या मातीचा वास होता आणि त्या वासाबरोबर त्याला लहानपणचं तळघर आठवलं. तेव्हा तो तोन्काएवढाच होता, तिच्यापेक्षा थोडा लहानच. युद्धाच्या त्या हिवाळ्यात हवाई हल्ल्याचे भोंगे वाजले की इमारतीतले सगळे खाली उतरायचे, घोंगड्या, थर्मास, पत्त्यांचे जोड घेऊन. त्याची आई निळ्या कडेची बशी घेऊन उतरायची. दोन्ही हातांनी, पाणी सांडू न देता, पायऱ्या मोजल्यासारखी. लोक म्हणायचे, अहो बाई, कागदपत्रं घ्या, दागिने घ्या, हे काय. ती म्हणायची, कागदपत्रांना पाणी घालावं लागत नाही. उजेडच मिळाला नाही, म्हणून तो गहू पिवळा उगवला, उंच आणि पिवळा. आई शेजाऱ्यांना म्हणाली, “गहू नाही हा, कावीळ झालीय याला,” आणि सगळं तळघर हसलं. तेवढे सगळे एकदम हसल्याचं त्याला त्या हिवाळ्यातलं दुसरं काही आठवत नव्हतं. त्या वर्षीच्या नाताळच्या टेबलावर तो पिवळा गहूच ठेवला होता. आता आई नव्हती आणि बशी त्याच्याकडे होती. कडेला एक टवका उडालेला. दरवर्षी गहू मिरेलाच्या आईच्या गावाहून यायचा. यंदा तो आणायचा राहिला, तेव्हा सिनिशा पौष्टिक खाण्याच्या दुकानात जाऊन छानशी पुडी घेऊन आला होता. लुचियाच्या दिवशी तोन्काने दाणे एकेक करून बशीत मांडले होते. तेव्हापासून ती रोज चमच्याने पाणी घालत होती. गहू जितका उंच तितकं येणारं वर्ष चांगलं, हे तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. बहुधा त्यानेच.

तो थेट घरी गेला नाही. समोरच्या दारातल्या श्टेफित्सामावशींकडे गहू रात्रभर ठेवावा, असं त्याने ठरवलं होतं. मावशी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि जिन्यात कोण कधी आलं-गेलं याचा त्यांच्याकडे चोख हिशेब असायचा. त्यांच्या स्वयंपाकघरात भिजत घातलेल्या सुक्या माशाचा वास भरला होता. त्यांनी गहू बघितला, मग त्याच्याकडे बघितलं.

“तुमचा नाही उगवला?”

“नाही हो. पाणी रोज घालतोय. खिडकीतच आहे. काय चुकलं तेच कळत नाही.”

“दाणे कुठले?”

त्याने दुकानाचं वर्णन केलं, पुडीचं वर्णन केलं, दाणे कसे स्वच्छ आणि मोत्यासारखे होते ते सांगितलं. मावशींनी हातातला चमचा खाली ठेवला.

“अरे माझ्या राजा,” त्या म्हणाल्या, “ते कांडलेले गहू. साल काढलेले. शिजवून, वर मलई घालून खायचे. ते पेरतात का कुणी! तू शिजलेला भात पेरून बघितलास का कधी?”

सिनिशा त्यांच्या खुर्चीवर बसला. हसावं की काय करावं ते त्याला कळेना. मावशी मात्र हसत होत्या, डोळे पुसत होत्या. “शिकलेली माणसं,” त्या म्हणत होत्या, “अक्षरं लावतात टीव्हीला!” मग त्यांना त्याचा चेहरा दिसला आणि त्या थांबल्या. “एखादा दाणा सुटतो हो त्यातूनही, गिरणीतून अख्खा. पण एखाद्याने काय होतंय? ठेव हा इथे. सकाळी घेऊन जा. पोरीला सांग रात्रीत उगवला. नाताळ आहे, पोरं मानतात.”

पोरं मानतात, हे वाक्य घेऊन तो आपल्या दारात गेला. आत मिरेला आली होती आणि तिच्या कोटाला अजून पांढरी भुकटी होती. ती दातांच्या कवळ्या बनवायची, आणि डिसेंबर हा तिच्याही जिवावर उठलेला महिना. वर्षभर हिरड्यांनी भागवणाऱ्या सगळ्या आजोबांना नाताळच्या जेवणाआधी दात हवे असायचे. ती कुरळं कापड वितोच्या अंगावर टाकून टाचण्या लावत होती आणि वितो मेंढीला न शोभेल अशा आवाजात डरकाळ्या फोडत होता. “हलू नकोस, टोचेल,” ती म्हणत होती, तोंडात टाचण्या धरून. सिनिशाने तिला गव्हाचं हळूच सांगितलं. तिने टाचण्या काढल्या.

“तिला खरं सांग ना. दाणे चुकले म्हणावं.”

“आणि उद्या? सगळ्यांसमोर ती काय धरणार? बोलत तर नाहीच. निदान हातात तरी काहीतरी...”

“काहीतरी हिरवं,” मिरेला म्हणाली. तिने वाद घातला नाही. त्याचं वाक्य तिने पुरं केलं होतं, ते बरोबर होतं, आणि तरी त्याला वाटलं की तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. खिडकीपाशी तोन्का खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती आणि बशीशी बोलत होती. तो दाराआड थांबला. ती कुजबुजत नव्हती, अगदी सरळ, समोरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होती. वर्गात तिच्या शेजारी बसणारा मुलगा खोडरबर कसं खातो ते सांगत होती. बिसेर्काबाईंच्या चष्म्याला दोरी आहे हे सांगत होती. वर्गातल्या मुलांची नावं सांगत होती, कोण कुठे बसतं, कोण कुणाला चिडवतं, कुणाची आई नर्स आहे, आणि सिनिशाला हळूहळू कळत गेलं की या मुलीला त्या वर्गाबद्दल त्याच्यापेक्षा, बाईंपेक्षा, त्या तज्ज्ञबाईंपेक्षा जास्त माहीत आहे. ती गेले चार महिने गप्प बसली नव्हती, ती ऐकत होती. तो स्वतः लहानपणी असाच होता का? त्याला आठवेना. तळघरात तो कुणाशी बोलायचा हेही त्याला आठवेना. फक्त आईचा हात आठवला आणि बशी. तोन्का मध्येच वाकली, अगदी नाक पाण्याला लागेल इतकी वाकली, आणि काहीतरी निरखून बघितलं. मग म्हणाली, “घाई करू नकोस.” सिनिशा मागे सरला. त्याला राग येत होता, त्या दुकानाचा, त्या मोत्यासारख्या दाण्यांचा, शाळेचा, उगाच प्रत्येकाकडे वाक्य मागणाऱ्या जगाचा. ती मेलेल्या दाण्यांना धीर देत होती. हे थांबवायलाच हवं, असं त्याला वाटलं.

सकाळी तोन्का उठायच्या आधी त्याने बशी खिडकीतून उचलली, कचऱ्याच्या डब्यावर उपडी केली, चमच्याने खरवडली आणि धुतली. फुगलेले दाणे कालच्या कॉफीच्या चोथ्यावर आणि मँडरिन संत्र्यांच्या सालींवर पडले. मावशींकडचा गहू त्याने ताटलीतून मुळांसकट अलगद उचलून बशीत बसवला. टवका उडालेली कड त्याने मुद्दाम पुढे ठेवली, म्हणजे बशी तीच आहे हे दिसावं. मग बशी बुटांच्या खोक्यात घातली आणि वर झाकण लावलं.

तोन्का टोपी घालताना खिडकीकडे धावली. “बशी कुठंय?”

“खोक्यात ठेवलीय. बाहेर गारठा आहे ना, थंडी लागेल त्याला. शाळेत जाईपर्यंत उघडू नकोस.”

“पाणी घातलंस?”

“घातलं.”

ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. “बाबा, तू बघितलंस?”

“बघितलं, बघितलं. चल, उशीर होतोय.” तो बुटाची नाडी बांधत होता आणि वितोचा एक काळा मोजा सापडत नव्हता. डिसेंबरात तो प्रत्येक गोष्टीला असाच हो म्हणत होता. ती मात्र एकदम खुलली. तिने खोकं दोन्ही हातांनी घेतलं आणि शाळेच्या रस्त्याला, बर्फाळ फुटपाथवर, पाणी सांडू नये म्हणून पाय जपून टाकत चालली. ती चाल त्याने ओळखली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तरी तो गप्प राहिला. फाटकापाशी तिचा चेहरा मिटला, रोजच्यासारखाच, पण खोकं तिने छातीशी धरून ठेवलं होतं.

वर्गात खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या आणि मोठी माणसं छोट्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दालचिनीचा आणि ओल्या कोटांचा वास येत होता. मुलं एकेक करून पुढे येत होती. “माझ्या गव्हाचे केस मी स्वतः कापले,” एक मुलगी म्हणाली. “माझ्या गव्हावर आमची मांजर झोपली,” एक मुलगा म्हणाला, आणि त्याचा गहू एका बाजूला चपटा होता, म्हणून सगळ्यांनी विश्वास ठेवला. “आमचा गहू माझ्या भावापेक्षा लवकर वाढतो,” तिसरा म्हणाला. सिनिशा हात मांड्यांमध्ये दाबून बसला होता. शेजारी बसलेल्या दाढीवाल्या बापाने त्याला कोपराने हळूच ढोसलं आणि कुजबुजला, “तुमचा कुठला?” “घरचाच,” सिनिशा म्हणाला.

“आता तोन्का,” बिसेर्काबाई म्हणाल्या, अगदी सहज, पुढची-मागची नावं घेतली तशाच. त्यांनी तिला हात धरून पुढे नेलं नाही, कौतुकाचं हसूही आणलं नाही. चष्म्याला खरंच दोरी होती. तोन्का खोकं घेऊन उठली, टेबलाशी गेली, झाकण उघडलं.

ती आत बघत राहिली. खूप वेळ गेला, म्हणजे सिनिशाला तो खूप वाटला. वर्गात कुणीतरी खोकलं. मग तिने हात घालून बशी बाहेर काढली, फिरवून कडेचा टवका बघितला, परत गव्हाकडे बघितलं. त्याला वाटलं, आता ती वर धरेल. वर धर आणि ये, तो मनात म्हणत होता, वर धर आणि ये, संपलं.

“हा माझा नाही,” तोन्का म्हणाली.

आवाज लहान नव्हता. स्वयंपाकघरातला होता, खिडकीपाशी खुर्चीवर बसून बोलायचा तोच. वर्गातली मुलं, जी चार महिने तिचा आवाज ऐकण्याची वाट बघायचंही विसरून गेली होती, एकदम मान वर करून बघायला लागली. ज्या मुलाबद्दल ती म्हणाली होती की तो खोडरबर खातो, त्याचं तोंड उघडं राहिलं. सिनिशाला आपल्या चेहऱ्यातून रक्त जातंय की येतंय ते कळेना. सगळ्यांना समजलं होतं, अगदी सगळ्यांना, की हा गहू बाजारातला आहे आणि या बापाने आपल्या मुलीला फसवलं. आणि त्याच वेळी त्याच्या आतून काहीतरी असं उसळून वर येत होतं की उठून ओरडावंसं वाटत होतं: ऐकलंत का, ती बोलली! दोन्ही एकदम, लाज आणि आनंद, आणि कुठलं काय आहे ते वेगळं करता येत नव्हतं.

बिसेर्काबाईंनी चष्मा सारखा केला. “असं का? मग तुझा कुठंय?”

“माझा घरी आहे. माझ्या गव्हात एकच उगवलाय. खालच्या बाजूने. अजून पांढरा आहे, म्हणून वरून दिसत नाही.” तिने बशी टेबलावर ठेवली. “बाबांनी बघितलाय.”

सगळ्या वर्गाने सिनिशाकडे बघितलं.

“आमचाही बाजारातलाच आहे,” शेजारचा दाढीवाला एकदम मोठ्याने म्हणाला.

“बाबा!” त्याचा मुलगा किंचाळला.

“आमचाही,” मागून एक बाई म्हणाली, आणि मग हशा उसळला, मोठ्या माणसांचा, छोट्या खुर्च्या करकरल्या. त्या हशात सिनिशा हसत नव्हता. त्याच्या कानांत एकच गोष्ट वाजत होती: एकच उगवलाय. खालच्या बाजूने. ती काल वाकून काय बघत होती ते आता त्याला कळलं. सकाळी तिने काय विचारलं होतं तेही कळलं. आणि चमच्याने बशी खरवडल्याचा आवाज त्याला परत, स्पष्ट ऐकू आला.

“सुट्टीनंतर मला सांगशील, केवढा झाला ते?” बिसेर्काबाई विचारत होत्या.

“हो,” तोन्का म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली. शेजारच्या मुलाने तिला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं.

सिनिशा वाकून, माफ करा, माफ करा म्हणत बाहेर गेला आणि कॉरिडॉरमध्ये कोटांच्या रांगेत उभा राहून त्याने मिरेलाला फोन लावला. मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं.

“मिरेला, तू सकाळी जाताना कचरा खाली नेलास का?”

“मी? आज तुझी पाळी होती. सिनिशा, माझ्या हातात एका म्हाताऱ्याचे दात आहेत आणि तू मला कचऱ्याचं विचारतोस? आजही नेला नाहीस ना?”

“नाही नेला!” तो म्हणाला. “नाही नेला मी!”

“यात आनंद कसला होतोय तुला?”

मग त्याने सांगितलं. तो दोन ओळींत सांगायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. तोन्का बोलली इथपर्यंत आल्यावर यंत्राची घरघर थांबली. “मिरेला?” तो म्हणाला. “थांब,” ती म्हणाली, “मला बसू दे.” आणि थोड्या वेळाने, रडवेल्या आवाजात, “काय म्हणाली? नीट सांग. एकही शब्द गाळू नकोस.” त्याने सगळं सांगितलं, मांजरीसकट.

घरी जाताना तोन्का पुढे चालत होती. विकतचा गहू ती दुसऱ्या ताटलीत काढून वर्गाच्या खिडकीत ठेवून आली होती. रिकामं खोकं आणि धुतलेली बशी सिनिशाच्या हातात होती. ती रागावलेली होती, आणि रागात बोलत होती, थांबत नव्हती. शाळेचं फाटक मागे पडण्याच्या आधीच ती बोलायला लागली होती, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्याने सगळं कबूल केलं होतं, जिन्यात नाही, घरी गेल्यावर नाही, तिथेच फाटकाशी, गुडघ्यांवर बसून. दाणे चुकीचे होते, साल काढलेले. उगवणारच नव्हते. म्हणून टाकले.

“पण एक उगवला होता,” ती म्हणाली.

“हो.”

“मी तुला विचारलं होतं, बघितलंस का. तू हो म्हणालास.”

“हो. नव्हतं बघितलं.”

यावर ती आणखी भराभर चालायला लागली. तो तिच्या मागे मागे चालत राहिला. त्याला वाटलं की आपण हिला रोज याच फाटकाशी एक शब्द मागत होतो, आणि हिने एक प्रश्न विचारला तर तो ऐकायलाही थांबलो नाही.

स्वयंपाकघराच्या फरशीवर त्यांनी जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उपडा केला. कॉफीचा चोथा, बटाट्याच्या साली, कोबीची बाहेरची पानं, मेंढीच्या कापडाच्या कातरणी. भिजलेले दाणे सगळीकडे चिकटले होते. श्टेफित्सामावशी उघड्या दारातून डोकावल्या, “काय हरवलं?” म्हणाल्या, आणि “गहू” हे उत्तर ऐकून, आयुष्यात पहिल्यांदाच, काही न बोलता परत गेल्या. थोड्या वेळाने त्या चष्मा लावून आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या, कारण त्यांना खाली बसता येत नव्हतं. तोन्का दाणे एकेक करून उलटवत होती. तिची बोटं काळी झाली होती. हा नाही, हाही नाही, ती म्हणत होती. सिनिशा तिने टाकलेले दाणे पुन्हा बघत होता, कारण न बघता पुढे जायची त्याला आता हिंमत होत नव्हती. चष्म्याआड डोळे दुखायला लागले. सगळे दाणे सारखे दिसत होते, फुगलेले, गुळगुळीत, बंद. त्याच्या मनात आलं की चमच्याने खरवडताना तो मोडलाच असेल, आणि हे तिला सांगावं लागेल, आणि सुट्टीनंतर परत ते फाटक आणि तो चेहरा.

“बाबा,” तोन्का म्हणाली.

मँडरिनची एक साल तिने उलटी करून तळहातावर धरली होती. त्याने घाईघाईने मान डोलावली, सापडला ना, छान, छान, पाणी आणतो, असं म्हणत तो उठायला लागला.

“थांब,” ती म्हणाली. “आधी नीट बघ.”

सिनिशा परत खाली बसला. सालीच्या आतल्या पांढऱ्या बाजूला, कॉफीने माखलेला, एकच दाणा होता. त्याच्या खालच्या टोकातून एक कोंभ फुटला होता, नखाच्या कडेएवढा, वाकडा, पांढरा, आणि अगदी टोकाला, उजेडाकडे धरल्यावर, हिरवा. त्याने चष्मा काढला, शर्टाने पुसला, परत लावला.

“बघितला,” तो म्हणाला.